पाच वाडगे

एक म्हातारा आणि एक तरुण रामेनच्या दुकानात शेजारीशेजारी बसलेत. समोर वाफाळते वाडगे. तरुणाचा प्रश्न साधा आहे: आधी काय खायचं, नूडल्स की रस्सा? म्हातारा सांगतो, आधी वाडगा नीट बघ. वास घे. रश्श्यावर चमकणारे तेलाचे थेंब बघ, तरंगणारी कांद्याची पात बघ. मग चॉपस्टिकच्या टोकाने मटणाच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या, कापांना हळूच कुरवाळ. माया व्यक्त करायला. मग एक काप अलगद बाजूला सारून त्याची मनातल्या मनात माफी माग, की बाबा रे, तुला नंतर भेटतो. तरुण गंभीर चेहऱ्याने हे सगळं जसंच्या तसं करतो.

जुझो इतामीच्या ‘ताम्पोपो’ (१९८५) या जपानी सिनेमाची ही जवळजवळ सुरुवात. यूट्यूबवर आणि रील्समध्ये हा प्रसंग सुटा फिरत असतो, आणि बहुतेक वेळा खाली कॅप्शन असतं: जपानी लोक अन्नाचा असा आदर करतात. गंमत अशी, की हा प्रसंग चेष्टेचा आहे. सिनेमात तो एका पुस्तकातला आहे. गन नावाचा तरुण ट्रकमध्ये बसून ते पुस्तक मोठ्याने वाचतोय, शेजारी गोरो नावाचा ड्रायव्हर ट्रक चालवतोय, आणि वाचून-ऐकून दोघांच्या पोटात कावळे ओरडायला लागतात. चहाच्या विधीत जी गंभीर शिस्त असते ती इतामी उचलतो आणि हमालाच्या, विद्यार्थ्याच्या, रात्रपाळीवाल्याच्या स्वस्त जेवणाला नेऊन चिकटवतो. हसायचं त्याला आहे.

पण चेष्टा करता करता सिनेमा स्वतःच त्या म्हाताऱ्यावर विश्वास ठेवायला लागतो. हे कसं होतं, हा या सिनेमाचा खरा विषय. आणि सध्या आपल्या शहरांत रामेनची दुकानं उघडताहेत, उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांना तारे वाटले जाताहेत, तेव्हा तो पुन्हा बघण्यासारखा आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. ट्रकवाले दोघे भूक लागली म्हणून रस्त्यालगतच्या एका कळकट दुकानात शिरतात. दुकान ताम्पोपो नावाची विधवा चालवते. ताम्पोपो म्हणजे डँडेलियन, फुटपाथच्या फटीतूनही उगवणारं ते पिवळं रानफूल. तिथे पिस्केन नावाचा दारू प्यायलेला गडी तिला त्रास देत असतो. गोरो मध्ये पडतो, मार खातो आणि सकाळी ताम्पोपोच्या घरी शुद्धीवर येतो. पुढे तो तिला रामेन शिकवतो, एकेक जाणकार गोळा करतो आणि दुकान नव्याने उभं राहतं. गोरोच्या डोक्यावर कायम काऊबॉयची हॅट असते, अंघोळीच्या टबातसुद्धा. परका येतो, गावातला गुंता सोडवतो आणि निघून जातो, हा वेस्टर्न सिनेमाचा सगळा सांगाडा इथे आहे. फक्त बंदुकीच्या जागी पळी आहे. इटलीत बनलेल्या वेस्टर्नना ‘स्पगेटी वेस्टर्न’ म्हणत, म्हणून याला ‘रामेन वेस्टर्न’ म्हटलं गेलं.

त्या सकाळच्या जेवणापाशी मात्र थांबायला हवं. ताम्पोपो विचारते, माझं रामेन कसं आहे? जीव वाचवणाऱ्या पाहुण्याने काय सांगावं? छान आहे, एवढंच. पण गोरो आणि गन एकमेकांकडे बघतात आणि सांगून टाकतात: प्रामाणिक आहे, पण त्यात दम नाही. बाई खचत नाही. ती विचारते, मला शिकवाल?

समीक्षा म्हणजे काय यावर मी बरीच जड पुस्तकं अर्धी वाचून सोडलीत. या एका संवादात त्यांच्याहून जास्त काही आहे असं मला वाटतं. एकतर गोरोच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे, तो पुढचा घाव मऊ करायला घातलेला नाही. त्याला दिसलंय की या बाईने फसवणूक केलेली नाही. दुसरं म्हणजे, सांगून तो उठून जात नाही. पुढचा दीड तास त्या वाक्याची किंमत मोजण्यात जातो. तो तिला पळायला लावतो, पाण्याने भरलेली पातेली उचलायला लावतो, वेळ लावून वाडगे बनवून घेतो. दुसऱ्यांच्या दुकानांत नेऊन बसवतो आणि दाखवतो: हा आचारी बघ, याची एकही हालचाल वाया जात नाही, आणि हे दोघे बघ, गप्पाच मारताहेत. एका ठिकाणी गिऱ्हाइकांचा लोंढा येतो, प्रत्येकाची ऑर्डर वेगळी, आणि ताम्पोपो ती सगळी यादी बिनचूक म्हणून दाखवते. तिथे पहिल्यांदा कळतं की ही बाई नुसती गरीब बिचारी नाही, हिच्यात कारागीर आहे.

आता रामेनबद्दल थोडं, कारण ते माहीत नसेल तर इतामीची चेष्टा अर्धीच कळते.

रामेनला प्राचीन परंपरा नाही. टोकियोतल्या असाकुसा भागात १९१० साली ‘राइराइकेन’ नावाचं दुकान उघडलं, ते सुरुवातीच्या प्रसिद्ध दुकानांपैकी एक. मालक जपानी, पण आचारी योकोहामाच्या चायनाटाउनमधून आणलेले चिनी. तेव्हा या पदार्थाला ‘शिना सोबा’ म्हणत, म्हणजे चिनी नूडल्स. युद्धानंतर ‘शिना’ या शब्दाला असलेला साम्राज्याचा आणि तुच्छतेचा वास नको झाला म्हणून ‘चुका सोबा’ म्हणू लागले. पराभूत, उपाशी जपानमध्ये अमेरिकेतून गहू आला आणि गाड्यांवरच्या नूडल्सवर शहरं जगली. १९५८ साली मोमोफुकु आंदो यांनी झटपट रामेनचं पाकीट बाजारात आणलं आणि ‘रामेन’ हा शब्द घरोघरी गेला. आंदोंचा जन्म तैवानचा, आणि सालही १९१०च. म्हणजे चिनी आचारी, अमेरिकन गहू, तैवानमध्ये जन्मलेला संशोधक. यातून जे तयार झालं त्याला जग आज अस्सल जपानी म्हणतं.

ताम्पोपोच्या जुन्या दुकानाचं नावही ‘राइराइकेन’च आहे. जपानभर अशा दुकानांना हे नाव सर्रास दिलेलं असे, आपल्याकडे दर दुसऱ्या हॉटेलचं नाव ‘अन्नपूर्णा’ असतं तसं. नवं दुकान उभं राहतं तेव्हा त्यावर तिचं स्वतःचं नाव लागतं. सिनेमा हे ओरडून सांगत नाही. पाटी बदलते, इतकंच.

तर ज्या पदार्थाला परंपराच नव्हती त्याला इतामीने खोटी परंपरा बहाल केली: गुरू, विधी, माफी मागण्याचे मंत्र. नंतर जगाने ती खरी मानली. १९९४ साली योकोहामात रामेनचं संग्रहालय उघडलं. २०१५ साली जाहीर झालेल्या टोकियोच्या मिशलिन गाइडमध्ये पहिल्यांदाच एका रामेनच्या दुकानाला तारा मिळाला. हे सगळं एका सिनेमामुळे झालं असं कुणी म्हणणार नाही, पण आज कुठल्याही रामेन शेफची मुलाखत ऐका, तो म्हातारा त्याच्या आवाजात बोलत असतो.

हे सगळं डोक्यात असताना आमच्या भागात, पुण्यात, नव्याने उघडलेल्या एका रामेनच्या दुकानात मी दोनदा जेवले. नाव सांगत नाही. कारण पुढे कळेल. काउंटरला नऊ खुर्च्या, मागे चार टेबलं, भिंतीवर लाटेचं ते प्रसिद्ध चित्र. मेन्यूच्या पहिल्या पानावर रामेन कसं खावं याच्या सूचना. आधी वाडगा बघा, मग वास घ्या. चेष्टेचं कर्मकांड कसं होतं ते असं लॅमिनेट केलेलं बघून मला मनापासून हसू आलं.

मेन्यूत शोयू, शिओ, मिसो आणि टोन्कोत्सू अशी चार नावं एका ओळीत होती. इथेच पहिला घोळ आहे. रामेनचा वाडगा ढोबळमानाने पाच गोष्टींचा असतो: रस्सा, त्याला चव देणारा खारट अर्क, वर सोडायचं सुगंधी तेल, नूडल्स आणि वरून मांडलेल्या गोष्टी. त्या अर्काला जपानीत ‘तारे’ म्हणतात. रिव्ह्यूतल्या ताऱ्यांशी त्याचा संबंध नाही, पण तो बिघडला तर तेही जातात. शोयू म्हणजे सोया सॉस, शिओ म्हणजे मीठ आणि मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा. ही तिन्ही चव कशाने आणली त्याची नावं. टोन्कोत्सू मात्र रश्श्याचं नाव आहे: डुकराची हाडं तासन्‌तास खळाखळा उकळून, चरबी आणि जिलेटिन पाण्यात एकजीव होऊन दुधासारखा पांढरा झालेला रस्सा. ही नावं एका ओळीत लिहिणं म्हणजे ‘तांबडा, पांढरा, मीठ’ अशी यादी करण्यासारखं. हा घोळ जगभरच्या मेन्यूंत असतो, त्यामुळे त्याचे गुण कापत नाही. कापायचे ते या गोष्टीचे, की चारही वाडग्यांत रस्सा तोच होता. कोंबडीचा, बरा, थोडा पातळ.

अंडं उत्कृष्ट. बलक मधासारखा, पांढऱ्यात सोया सॉस आतपर्यंत मुरलेला. असं अंडं आदल्या दिवशी करून ठेवावं लागतं. म्हणजे कुणीतरी आदल्या दिवशी उद्याचा विचार केला होता. नूडल्सही चांगल्या. रामेनच्या पिठात क्षाराचं पाणी घालतात, कान्सुई. त्यानेच पिवळसर रंग येतो, लवचिकपणा येतो, दाताखाली ताण लागतो. उडदाच्या पापडाचं पीठ मळताना आजी पापडखार घालायची तोच हा कुटुंबातला क्षार. इथल्या नूडल्सना तो ताण होता.

रस्सा मात्र कोमट होता, आणि रामेनमध्ये हे क्षम्य नाही. रस्सा कडकडीत हवा, कारण नूडल्स भुरका मारून ओढायच्या असतात. भुरक्याबरोबर हवा आत जाते, घास तोंडात निवतो आणि वास नाकापर्यंत चढतो. वरणभात, कढी, बशीतला चहा यांच्याबरोबर आपण हे शतकानुशतकं करत आलो आणि मग शाळेने, हॉटेलांनी आणि बघायला आलेल्या पाहुण्यांनी ते सोडायला लावलं. इतामीने यावरही एक प्रसंग रचलाय. एका उंची रेस्टॉरंटात एक बाई तरुण मुलींना स्पगेटी अजिबात आवाज न करता कशी खायची याचा धडा देतेय, आणि पलीकडे एक गोरा माणूस स्पगेटीचे दणदणीत भुरके मारतोय. मुली त्याच्याकडे बघतात. पाहता पाहता सगळा वर्ग सूं-सूं करू लागतो, शेवटी शिक्षिकाही. शिष्टाचार ज्यांच्याकडून आणला म्हणायचं त्यांनाच तो माहीत नसतो, हे इतकं हसवत सांगता येतं!

कोमटपणाचं कारण मला पहिल्या रात्री काउंटरवर बसल्यावर कळलं. वाडगे गरम पाण्याने आधी तापवलेले नव्हते, आणि भरलेला वाडगा तयार होऊन पासवर थांबत होता, कारण टेबलांवरची चौघंजणं आपले चारही वाडगे एकत्र यायची वाट बघत होती. फोटोसाठी. रामेनचा वाडगा भरल्यापासून मोजून काही मिनिटं त्याचं आयुष्य असतं. नूडल्स गरम रश्श्यात शिजतच राहतात. त्या चौघांनी सव्वासहाशे रुपयांचा पदार्थ मरू दिला आणि मग त्याचं छायाचित्र काढलं.

मालक किंवा मॅनेजर असेल, त्याने कसं वाटलं विचारलं. मी अंडं आणि नूडल्सबद्दल सांगितलं आणि मग वाडग्यांबद्दल. तो म्हणाला, “मॅडम, गुगलवर टाका ना प्लीज.” पण आचाऱ्याने ऐकलं होतं. तिशीतला असेल. काउंटरवरून वाकून हिंदीत विचारलं, “दीदी, सूप पतला था ना?” मी म्हटलं, थोडा. तो म्हणाला की हाडं जास्त वेळ उकळायला गॅस परवडत नाही असं सांगितलंय. तो दार्जिलिंगकडचा होता. घरी थुक्पा होतो, त्यामुळे रश्श्याची जात कळते, असं म्हणाला. जपान पाहिलेला नाही.

अशा वेळी कुणीतरी हमखास विचारतं: मग हे ‘ऑथेंटिक’ कसं? असाकुसातले ते चिनी आचारी आठवा आणि हा प्रश्न तिथेच सोडून द्या. ज्याने दुकानात शिरलेल्या अनोळखी बाईला स्वतःहून विचारलं की रस्सा पातळ होता का, त्याच्या हातात रामेन सुरक्षित आहे. धोका त्याला गॅस न देणाऱ्याकडून आहे आणि ऑनलाइन एक तारा देऊन ‘यापेक्षा मॅगी बरी’ लिहिणाऱ्याकडून आहे. तितकाच पाच तारे देऊन ‘व्हाइब मस्त’ लिहिणाऱ्याकडूनही. त्या आचाऱ्याला यातल्या कुणाकडूनच काही मिळत नाही. दोन आठवड्यांनी गेले तेव्हा वाडगे तापवलेले होते. रस्सा तसाच पातळ. म्हणून नाव लिहीत नाही: एवढ्याशा दुकानाला अशा जागी नावानिशी तोललं की निकाल लागतो, आणि इथे काम अजून चालू आहे.

गोरोच्या सांगण्यात आणि रिव्ह्यूत हाच फरक मला दिसतो. मात्र ‘ताम्पोपो’ निर्दोष आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यातल्या ज्या गोष्टीवर मी दर वेळी अडकते ती अशी: शिकवणारे सगळे पुरुष आहेत. गोरो, गन, रश्श्याचा गुरू असलेला म्हातारा, नूडल्स जाणणारा शोहेई, आणि शेवटी मारामारी करून दोस्त झालेला पिस्केन, जो दुकानाची आतली सजावट करून देतो. पाच पुरुष आणि शिकणारी एक बाई. तिचं कौशल्य तिचं असलं तरी त्यावर शिक्का मारायचा अधिकार बाकावर बसलेल्या पाचांचा. इतामीची पत्नी नोबुको मियामोतो ही भूमिका इतक्या जीवाने करते, घाम, हसू, हट्ट सगळं इतकं खरं, की हे चटकन लक्षात येत नाही. लक्षात आल्यावर विसरता येत नाही.

इतामीला हे दिसत नव्हतं का? दिसत असावं, कारण मुख्य गोष्टीच्या अधेमधे तो सुटे प्रसंग पेरत जातो आणि त्यातला एक या प्रश्नाच्या वर्मावर बसतो. एक माणूस धावत घरी येतो. बायको अंथरुणावर शेवटच्या घटका मोजतेय, शेजारी डॉक्टर, भोवती मुलं. तिला जागं ठेवायचं म्हणून तो काहीबाही सांगतो, आणि शेवटी ओरडतो: स्वयंपाक कर! ती उठते. खरंच उठते, ओट्यापाशी जाते, चिरते, परतते, परतलेला भात आणून ठेवते, सगळ्यांना खाताना बघून हसते आणि कोसळते. बाप रडत मुलांना ओरडतो, खा, आईने केलेलं शेवटचं जेवण आहे, गरम आहे तोवर खा.

हा प्रसंग मी लोकांबरोबर पाहिलाय तेव्हा काही हसले आहेत, काही गप्प झालेत. तो विनोदी आहे आणि भयंकरही आहे. इथे कुणी गुण देत नाही. प्रामाणिक आहे पण दम नाही, असं त्या बाईला आयुष्यात कुणी सांगितलं नसेल, कारण तिच्या स्वयंपाकाकडे कुणी त्या नजरेने बघितलंच नसेल. ताम्पोपोने पाच पुरुषांपुढे परीक्षा द्यावी हे मला खुपतं. पण या प्रसंगाशेजारी ठेवल्यावर, तिचं काम परीक्षा घेण्याइतकं गंभीर कुणाला तरी वाटलं, हीच तिची मोठी कमाई दिसायला लागते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि सिनेमा त्या जुळवून देत नाही.

आणखी एक तक्रार: कासव. सिनेमात एका जिवंत कासवाला कॅमेऱ्यासमोर कापलंय. जीव आणि जेवण यातलं नातं दाखवायचं होतं हे समजतं. तरी तो प्रसंग मी पुढे ढकलते, तुम्हीही ढकला.

त्याउलट, फ्रेंच रेस्टॉरंटातला प्रसंग अजिबात ढकलू नका. कंपनीचे बडे साहेब मेन्यू हातात घेऊन घामाघूम होतात आणि एकामागून एक तेच मागवतात: तोच मासा, तेच सूप, तीच बिअर. सगळ्यात शेवटी बॅगा उचलणारा कनिष्ठ पोरगा मेन्यू नीट वाचतो, वेटरशी एकेका पदार्थाची चर्चा करतो, वाइनचं साल विचारतो. साहेबांचे चेहरे टोमॅटोसारखे लाल. बेघर लोकांची टोळीही अशीच. शहरातल्या हॉटेलांच्या उरल्यासुरल्यावर जगणारी ही माणसं कुठल्या दुकानाचा दर्जा कधी घसरला ते अचूक सांगतात. त्यातला एक जण रात्री हॉटेलच्या स्वयंपाकघरात चोरून शिरतो आणि ताम्पोपोच्या मुलाला, ताबोला, भातावर थरथरतं ऑम्लेट करून वाढतो. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे जीभ असेलच असं नाही, हे इतामी भाषण न करता वारंवार दाखवतो. सिनेमाचा राग कुणावर असेल तर न चाखता मान डोलावणाऱ्यांवर.

आणि मग शेवटची परीक्षा. नवं दुकान, स्वच्छ काउंटर, पांढऱ्या कपड्यांत ताम्पोपो. पाच वाडगे तयार होतात, पाचांपुढे ठेवले जातात. कुणी बोलत नाही. भुरके ऐकू येतात. नूडल्स संपतात, मांसाचे काप संपतात. ताम्पोपो त्यांच्या तोंडांकडे बघत नाही, हातांकडे बघते. मग एक वाडगा दोन्ही हातांनी उचलला जातो आणि तिरपा होतो. दुसरा. तिसरा. वाडगा जसजसा वर जातो तसतसा माणसाचा चेहरा त्याच्यामागे झाकला जातो. तिला फक्त वाडग्यांचे बूड दिसतात. पाचही वाडगे काउंटरवर परत येतात. तळाशी थेंबही नाही.

तिचे डोळे भरून येतात. बाहेर गिऱ्हाइकांची रांग लागते. आतल्या माणसांना आता जागा करून द्यावी लागणार, म्हणून ते एकेक करत उठतात. गोरो हॅट सारखी करतो, ट्रकमध्ये चढतो आणि गनबरोबर निघून जातो. वाडगे उचलून धुवायला टाकायचे आहेत, आणि पुढचा माणूस आत येऊन बसलासुद्धा.